वाढत्या राजधानीची अर्थव्यवस्था व वाहतूक : हैदराबाद आणि बिलोली परिसर

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यापासून महाराष्ट्राची राजधानी मुंबई ६०० कि.मी.हून अधिक दूर आहे, तर हैदराबाद सुमारे २०० कि.मी. अंतरावर आहे. ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद हीच या प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजकीय संबंध तुटले, परंतु आर्थिक संबंध तुटले नाहीत. वाढत्या राजधानीचा सीमावर्ती ग्रामीण भागावर होणारा परिणाम स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संस्थानकालीन वाहतूक :
१८७४ मध्ये वाडी-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला व हैदराबाद मुंबई-मद्रास मार्गाशी जोडले गेले. पुढे हैदराबाद-गोदावरी खोरे मीटरगेज मार्ग निजामाबाद, धर्माबाद, नांदेड, औरंगाबाद असा मनमाडपर्यंत गेला. लोहमार्गामुळे धर्माबादची बाजारपेठ वाढली. बिलोली गाव मात्र त्यापासून दूर राहिले. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. बिलोलीलगतच्या बोधन येथे १९३७ मध्ये निजाम साखर कारखाना उभा राहिला. तो २०१५ मध्ये बंद पडला.

राजधानीचा विस्तार :
स्वातंत्र्योत्तर काळात सार्वजनिक क्षेत्रातील अवजड विद्युत उपकरणे, यंत्रे व औषधनिर्मितीचे उद्योग हैदराबादेत आले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाल्यावर माहिती तंत्रज्ञानाने शहराचा भार पश्चिमेकडे सरकवला. राहण्याचे ठिकाण व कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढले आणि त्यातून वाहतुकीचा प्रश्न तीव्र झाला. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये एमएमटीएस ही उपनगरी रेल्वे, २००८ मध्ये शमशाबाद विमानतळ, त्यानंतर टप्प्याटप्प्याने १५८ कि.मी. लांबीचा आठपदरी बाह्यवळण मार्ग आणि नोव्हेंबर २०१७ पासून मेट्रो, अशी साधने उभी राहिली. बाह्यवळण मार्गाने शहरातून जाणारी मालवाहतूक बाहेर वळवली. पण त्याच मार्गालगत जमिनीचे भाव चढले व नवी बांधकामे उभी राहिली. म्हणजे गर्दी कमी करण्यासाठी केलेला रस्ताच शहराच्या पुढील वाढीचे कारण ठरला.

बिलोली परिसरावरील परिणाम :
नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ आणि बिलोली-बोधन रस्ता यांमुळे हा परिसर राजधानीच्या बाजारपेठेशी जोडला गेला आहे. रोजगार, उपचार व व्यापार यांसाठी लोक सीमेपलीकडे जातात. तथापि हा व्यवहार समतोल नाही. बांधकामाला वाळू लागते आणि मांजरेच्या पात्रातील तांबड्या वाळूला तेलंगणात मोठी मागणी आहे. वाळूचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना पुरवतो. तो प्रमाणाबाहेर उपसला की पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि विहिरींची पातळी खालावते. अतिभारित वाहनांनी ग्रामीण रस्ते उखडतात. नफा शहराकडे आणि झीज गावाकडे, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे.

दुसरा परिणाम मानसिक आहे. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यानंतर तेथील शेतकरी योजना सीमेवरील गावांना शेजारीच दिसू लागल्या. २०१८ मध्ये धर्माबाद-बिलोली भागातील काही गावांनी तेलंगणात समाविष्ट होण्याची मागणी केली. ही मागणी भाषेच्या प्रश्नातून आलेली नव्हती. रस्ते, पाणी, वीज यांच्या तुलनेतून ती निर्माण झाली होती.

निष्कर्ष :
१. राजधानीच्या वाढीचा प्रभाव राज्याच्या सीमेवर थांबत नाही. तो रस्ता व लोहमार्ग जाईल तेथपर्यंत पोहोचतो.
२. केवळ वाहतुकीची सोय झाल्याने ग्रामीण भागाचा विकास होत नाही. स्थानिक प्रक्रिया उद्योग नसल्यास त्याच रस्त्याने कच्चा माल व मनुष्यबळ बाहेर जाते.
३. मांजरेच्या वाळूबाबत दोन्ही राज्यांनी संयुक्त नियंत्रण ठेवणे आवश्यक आहे, कारण नदी सामाईक आहे.
४. सीमावर्ती तालुक्यांसाठी शासनाने स्वतंत्र नियोजन करावे. दूरच्या राजधानीने लक्ष दिले नाही, तर जवळची राजधानी आपलीशी वाटणे स्वाभाविक होय.