खोडकर पोरं झाली हिरो!

ट्टॉक!

ओळख पाहू, हा आवाज कुणाचा?

तोंडाने असा आवाज काढणारा एक काटकुळा मुलगा मराठी पुस्तकांत राहतो. त्याचं नाव बनेश फेणे. पण सगळे त्याला म्हणतात फास्टर फेणे! भा. रा. भागवत यांनी त्याला जन्म दिला. सायकलवर टांग टाकली की स्वारी सुसाट! जिथे गडबड, तिथे हा हजर!

आणि मजा सांगू? हा काही मोठ्या शहरातला नाही. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा आहे. म्हणजे असा हिरो आपल्या फुलंब्रीतही सापडू शकतो की!

पण थांब. पूर्वीच्या गोष्टींमध्ये अशा खोडकर पोरांना हिरो होता येत नसे! दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मुलांच्या गोष्टींत हिरो कसा असे? कधी धडपडत नसे, कधी कपडे मळवत नसे. वाईट मुलाला शिक्षा, चांगल्याला बक्षीस. झाली गोष्ट!

आता सांग, ताटात नुसता शिराच वाढला तर? पहिला घास झकास. दहावा नको वाटेल! भाकरीसोबत झणझणीत ठेचा हवाच ना? त्या गोष्टींत हा ठेचाच नव्हता!

मग 1870 साली थॉमस बेली ऑल्ड्रिच या लेखकाने एक पुस्तक लिहिलं. नावातच सांगून टाकलं, ही एका वाईट मुलाची गोष्ट आहे! त्यातला टॉम आणि त्याचे दोस्त काय करतात, माहितेय? धक्क्यावर पडलेल्या जुन्या तोफा गुपचूप साफ करतात. रात्री सगळं गाव झोपलं की... धडाम! धडाम!

सहा वर्षांनी, 1876 मध्ये, आला दुसरा टॉम. टॉम सॉयर! त्याचा लेखक मार्क ट्वेन.

या टॉमला पॉलीमावशीने शिक्षा दिली. तीस यार्ड लांब, नऊ फूट उंच लाकडी कुंपणाला चुना मारायचा! तोही सुट्टीच्या दिवशी!

टॉम रडला का? छे! तो असा रंगून चुना मारू लागला की दुसऱ्या पोरांना वाटलं, काय भारी काम आहे हे! मग ती पोरंच विनवू लागली. आणि टॉमला वस्तूही देऊ लागली. एकाने सफरचंद दिलं. एकाने पतंग दिला. आणि एकाने तर मेलेला उंदीर दिला, वर फिरवायला दोरीसुद्धा! शिक्षा टॉमची, काम दुसऱ्यांचं, कमाई टॉमची!

अजून एक गंमत. ट्वेनने लिहून ठेवलंय की टॉमची बहुतेक धाडसं खरोखर घडलेली आहेत! काही त्याची स्वतःची, काही शाळेतल्या मित्रांची.

सगळ्या मोठ्यांना हे आवडलं का? मुळीच नाही! ट्वेनने पुढे टॉमच्या दोस्तावर, हकलबरी फिनवर पुस्तक लिहिलं. 1885 मध्ये कॉन्कॉर्ड गावच्या वाचनालयाने ते चक्क बाहेर काढलं! ट्वेन चिडला असेल? उलट खूश झाला! म्हणाला, आता आणखी पंचवीस हजार प्रती नक्की खपणार!



पण नुसत्या खोड्या केल्या की हिरो होता येतं का? इथेच खरी गंमत आहे. टॉमच्या वर्गातल्या बेकीच्या हातून गुरुजींचं पुस्तक फाटतं. आता तिला मार बसणार! तेवढ्यात टॉम उठून म्हणतो, मी फाडलं! आणि तिच्या वाटचे फटके स्वतः खातो. पुढे एका निरपराध माणसाला फाशी होऊ नये म्हणून कोर्टात खरं सांगतो. मनातून घाबरलेला असतो, तरीही!

आपला फास्टर फेणेही असाच. पायाला भिंगरी, डोक्यात शंभर प्रश्न, पण कुणी अडचणीत असलं की धावत सुटतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही तसाच. मुलींनी रुसू नये, ताम्हनकरांनी चिंगीसुद्धा लिहिलीय!

आणि हे ऐक! 2017 मध्ये फास्टर फेणेवर सिनेमा आला. त्यात चक्क भा. रा. भागवतच एक पात्र होते! ती भूमिका कुणी केली? दिलीप प्रभावळकरांनी. आणि खोडकर बोक्या सातबंडे लिहिला कुणी? त्याच प्रभावळकरांनी! एका खोडकर पोराचा लेखक सिनेमात दुसऱ्या खोडकर पोराचा लेखक झाला! आहे की नाही धमाल?

आता तुझी पाळी. शाळेच्या वाचनालयात जा, फास्टर फेणे माग. वाचून झाला की वहीचं कोरं पान उघड आणि फुलंब्रीचा एखादा खोडकर हिरो लिही. किंवा हिरोईन! खोड्या हव्या तेवढ्या घाल. फक्त एक कर. कुणावर खरं संकट आलं, की तुझ्या हिरोला सगळ्यात पुढे धावू दे!