वाचकांचे अभिप्राय : ग्रामीण ग्रंथालयाचा खरा आधार

गावातील ग्रंथालयाची पाहणी होते तेव्हा सामान्यतः तीन गोष्टी विचारल्या जातात : ग्रंथ किती, सभासद किती आणि रोजची देवघेव किती. घरी नेलेल्या पुस्तकाविषयी वाचकाला काय वाटले, हा चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक बाहेर गेल्याची तारीख असते, परत आल्याचीही असते. या दोन तारखांच्या दरम्यान पुस्तक वाचले गेले की उशाशी पडून राहिले, त्याने कोणाला विचारात पाडले की कंटाळा आणला, याची नोंद कोठेच नसते. वास्तविक ग्रंथालयाचे यशापयश या दोन तारखांमधील काळातच ठरते.

सध्या हाती असलेल्या पुस्तकाविषयी वाचकांनी एकत्र बसून बोलणे, हा ती नोंद मिळवण्याचा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. शहरातील साहित्यसंस्थांना ही गोष्ट नवी नाही. गावातही ती रुजू शकते. इतकेच नव्हे, तर तिची अधिक गरज गावालाच आहे.

पाम आणि परिसर

पालघर तालुक्यातील पाम हे बोईसर-तारापूर परिसरातील एक गाव. कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ ही याच परिसरातील इतर गावे. 1969 साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि भातशेती व मासेमारीवर जगणाऱ्या या पट्ट्यात कारखान्यांचे भोंगे ऐकू येऊ लागले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

या परिसरात एकाच रस्त्यावर अनेक बोली कानी पडतात. वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती या येथील जुन्या भाषा. उद्योगांबरोबर आलेल्या कामगारांची हिंदी, भोजपुरी आणि उडियाही त्यांत मिसळली आहे. पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार, लावणीच्या दिवसांत मान वर करण्यास सवड नसलेला शेतकरी, पावसाळी बंदीच्या काळात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणारा मच्छीमार आणि रोज रेल्वेने मुंबईकडे जाणारा नोकरदार यांची फुरसतीची वेळ एक नाही. त्यांच्या घरातील मुलांत शाळेची पायरी चढणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलेही आहेत. अशा गावात पुस्तकावर चार माणसे एकत्र बोलू लागली, तर पुस्तकाबरोबर ती एकमेकांनाही ओळखू लागतात.

मत कोणाचे?

मराठीत ग्रंथांविषयी जाहीरपणे बोलण्याची परंपरा दीड शतकाची आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक 1867 साली सुरू झाले आणि त्यातून नव्या ग्रंथांचे परीक्षण होऊ लागले. 11 मे 1878 रोजी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाचा उगम याच सभेत आहे. 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण मात्र महात्मा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची ज्या सभांना आणि ज्या ग्रंथांना जाणीव नाही, त्यांच्यात मिसळण्यात अर्थ नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

ग्रंथांविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हा त्या पत्रामागील प्रश्न आजही जुना झालेला नाही. गावातील सामान्य वाचक पुस्तक परत करताना ‘बरे आहे’ एवढेच म्हणतो. मत देणे हे विद्वानांचे काम, आपण फक्त वाचावे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत दूर झाल्याखेरीज ग्रंथालय त्याला आपले वाटत नाही.

सामान्य वाचकाच्या मताला स्थान देणारे प्रयत्नही मराठीत झाले आहेत. 1964 साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने ग्रंथप्रेमी वाचकांच्या निवडीला आपल्या पानांत जागा दिली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत 2009 पासून पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठराविक काळाने गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. शेजारच्या घरात काय वाचले जाते आहे, हे पेटी हाताळताना आपोआप कळते आणि बोलण्याला विषय मिळतो.

कपाट आणि वाचक

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली संमत झाला आणि पुढील वर्षी ग्रंथालय संचालनालयाची स्थापना झाली. अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेल्या हजारो शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे राज्यात या कायद्याच्या आधारे उभे राहिले. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचीही 1972 पासून ग्रंथांच्या रूपाने मदत होत आली आहे. ग्रंथ गावापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था अशा रीतीने पुष्कळशी सिद्ध झाली. कपाटातून वाचकापर्यंतचे शेवटचे दहा पावलांचे अंतर मात्र कोणत्याही परिपत्रकाने कापले जात नाही.

त्याची कारणे व्यवहारातील आहेत. शाळेतील पुस्तक हरवले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने कपाटाला कुलूप राहते. पुस्तके वरून ठरलेल्या यादीतून येतात आणि गावाला काय हवे होते हे कोणी विचारलेले नसते. वाचकाला शंभर पुस्तकांचे कणे दिसतात; त्यांतील कोणते आपल्यासाठी आहे, हे सांगणारा भेटत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी असतात, वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि ग्रंथाला त्याचा वाचक, हा त्यांतील पहिल्या तीन सूत्रांचा अर्थ. ग्रंथाला वाचक मिळवून देण्याचे काम ग्रंथपाल एकटा किती करणार? एका वाचकाने दुसऱ्याला ‘हे तू वाच’ असे सांगितले की ते काम सहज होते. शेजाऱ्याच्या शब्दाला जाहिरातीपेक्षा अधिक वजन असते.

भूमीचे जाणते वाचक

या परिसरातील वाचकाचे मत आणखी एका कारणाने मोलाचे आहे. मराठीतील काही महत्त्वाची पुस्तके याच मुलखाविषयी किंवा येथील माणसांना परिचित असलेल्या अनुभवांविषयी आहेत.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली प्रसिद्ध झाले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेठबिगारीविरुद्ध वारली समाजाने दिलेल्या लढ्याची ही हकिकत डहाणू, तलासरी आणि उंबरगाव या भागांत घडलेली आहे. पुण्या-मुंबईचा वाचक ती इतिहास म्हणून वाचेल. पालघरच्या पाड्यावरील तरुण ती वाचून घरी गेला, तर आजीला विचारू शकेल. आजीने सांगितलेले आणि पुस्तकात लिहिलेले जुळते की नाही, हे सांगण्याचा अधिकार त्याचाच आहे.

अनुताई वाघ यांचे ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे पुस्तकही असेच. ताराबाई मोडक यांच्यासमवेत 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबादला त्यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे कार्य केले. पालघर तालुक्यातील प्राथमिक शिक्षक हे पुस्तक वाचतो तेव्हा आपल्या वर्गातील मूल शाळेत का टिकत नाही, याचा विचार तो त्याबरोबर करीत असतो. त्याचे मत पुस्तकाच्या भाषेविषयी कमी आणि उपायांविषयी अधिक असेल. पण तेच ऐकण्याजोगे आहे.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ या कादंबरीला 1992 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा विषय धरणग्रस्तांचे विस्थापन हा आहे. तारापूर प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. त्या गावांतील वाचकाला या कादंबरीविषयी जे म्हणावेसे वाटेल, ते कोणत्याही समीक्षकाला सुचणार नाही.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’ या 2005 सालच्या कादंबरीत आदिवासी भागातील निवडून आलेल्या स्त्रियांचे अनुभव येतात. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. अशा जागेवर बसलेल्या सदस्या ही कादंबरी वाचतील आणि ‘हे असेच आहे’ किंवा ‘आता हे बदलले आहे’ असे चारचौघांत सांगतील, तर त्या चर्चेचा उपयोग पंचायतीच्या बैठकीतही होईल.

वाचलेल्याशी आपला अनुभव ताडून पाहणे, हाच अभिप्रायाचा खरा अर्थ होय. तेथे पदवीची अट नाही.

बैठक कशी घ्यावी?

अशा बैठकीसाठी निधी लागत नाही, थोडी शिस्त मात्र लागते. महिन्यातून एक दिवस ठरवावा. जागा शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा पंचायतीचे कार्यालय यांपैकी कोणतीही चालेल. वेळ ठरवताना कारखान्याच्या पाळ्या आणि शेतीचा हंगाम लक्षात घ्यावा. लावणीच्या दिवसांत शेतकरी येणार नाही, तर मासेमारीच्या बंदीत मच्छीमाराला सवड असेल. एकच वेळ सर्वांना सोयीची नसेल, तर आलटून पालटून दोन वेळा ठेवाव्यात.

प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे. पुस्तकाचा सारांश सांगण्याचा आग्रह धरू नये. सध्या काय वाचतो आहे, कोठपर्यंत आलो, काय पटले, काय पटले नाही आणि हे पुस्तक कोणाला द्यावेसे वाटते, या पाच गोष्टी पुरेत. पुस्तक पूर्ण झालेलेच असले पाहिजे असे नाही. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाविषयी ‘का सोडले’ हे सांगणेही तितकेच उपयोगी असते.

अशा बैठकांचा नेहमीचा धोका म्हणजे त्यांची सभा होणे. अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार यांत तास जातो आणि ज्यांना बोलण्याची सवय आहे तेच बोलतात. म्हणून खुर्च्या मांडू नयेत, सर्वांनी गोल बसावे. प्रथम मुलांना, नंतर स्त्रियांना आणि अगदी शेवटी शिक्षक व पदाधिकाऱ्यांना बोलू द्यावे. गुरुजींचे मत आधी ऐकले की विद्यार्थ्याचे मत तेच होते, हे शिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

बोलणाऱ्याने आपल्या बोलीत बोलावे. वारलीत सांगितलेले मत लिहून घेणाऱ्याने मराठीत नोंदवले तरी चालेल, पण सांगणाऱ्याची भाषा सुधारत बसू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एखादे प्रकरण वाचून दाखवावे. ऐकून बनलेले मतही मतच असते. दोन वाचकांचे जुळले नाही तर निवाडा करण्याचे कारण नाही. दोन्ही मते लिहून ठेवावीत. मतभेद ऐकलेला तिसरा माणूस ते पुस्तक हटकून मागतो.

यासाठी साधी दोनशे पानी वही पुरते. पुस्तकाचे नाव, वाचकाचे नाव, तारीख आणि चार ओळींचा अभिप्राय एवढेच तिच्यात असावे. ही वही कुलपात न ठेवता देवघेवीच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे नवा वाचक पुस्तक निवडण्यापूर्वी ती चाळील.

इतरांचा अनुभव

वाचकांच्या छोट्या गटांतून मोठे कार्य उभे राहते, याला आधार आहे. स्वीडनमध्ये 1902 साली ऑस्कर ओल्सन यांनी अभ्यासमंडळे सुरू केली. मोजकी माणसे एकत्र येत, वाचलेल्यावर चर्चा करीत आणि मंडळासाठी घेतलेली पुस्तके पुढे ग्रंथालयात जमा होत. केरळमध्ये पी. एन. पणिक्कर यांच्या प्रयत्नाने 1945 साली त्रावणकोर संस्थानातील 47 ग्रंथालयांचा संघ स्थापन झाला आणि त्यातून गावोगावची वाचनालये सार्वजनिक चर्चेची केंद्रे बनली. त्यांच्या स्मरणार्थ 19 जून हा दिवस तेथे वाचनदिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा 15 ऑक्टोबर हा जन्मदिवस 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सुरू झालेली बैठक पुढील महिन्यातही भरली, तरच तो दिवस सार्थकी लागला असे म्हणता येईल.

पंचायत आणि शाळेचे काम

ग्रामपंचायतीच्या कायद्याने ग्रंथालये व वाचनालये हा विषय पंचायतीच्या कार्यकक्षेत ठेवला आहे. म्हणून बैठकीला जागा, दिवा आणि पिण्याचे पाणी देणे हे पंचायतीचे कर्तव्यच ठरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पुस्तकांच्या खरेदीपूर्वी अभिप्रायाची वही उघडणे. कोणत्या पुस्तकाची मागणी वारंवार झाली, कोणत्या विषयावर काहीच मिळाले नाही, हे त्या वहीत स्पष्ट दिसते. तिच्या आधारे ग्रंथालयाने आपली मागणी ठरवावी आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनाही तीच दाखवावी. मागणीमागे वाचक उभे आहेत, हे सांगणारा याहून चांगला कागद नाही.

शाळेच्या कपाटाची किल्ली मुलांच्या गटाकडे आळीपाळीने द्यावी आणि देवघेव त्यांनाच सांभाळू द्यावी. हाताळून फाटलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाला दोष देऊ नये, हे पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवले पाहिजे. दहा वर्षे कोरे राहिलेले पुस्तक साठा नोंदवहीत शिल्लक दिसते. गावाच्या दृष्टीने ते हरवल्यासारखेच असते.

ज्याचे म्हणणे कोणी विचारत नाही, तो ग्रामसभेतही गप्प बसतो. पुस्तकाविषयी ‘हे मला पटले नाही, कारण...’ असे चार माणसांसमोर म्हणण्याची सवय झालेली मुलगी उद्या पाण्याच्या, रस्त्याच्या किंवा कारखान्याच्या प्रश्नावर तेच वाक्य उच्चारील. पामसारख्या बदलाच्या उंबरठ्यावरील गावांना अशा नागरिकांची गरज आहे. एक वही, काही पुस्तके आणि महिन्यातील एक संध्याकाळ एवढ्यावर तिचा आरंभ करता येतो.