थंबनेलची शर्यत

लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांचे रंग काळानुसार किती उतरतात, हे मोजण्यासाठी १९८९ मध्ये ‘वसारी’ हा युरोपीय प्रकल्प सुरू झाला. एकेका चित्राची फाइल एवढी अवाढव्य, की तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत ती मावायचीच नाही. त्या कामातून जॉन क्युपिट आणि कर्क मार्टिनेझ यांची ‘लिबविप्स’ ही फोटो हाताळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी आकाराला आली. चित्र अख्खं न उचलता लागेल तेवढा तुकडा घ्यायचा, काम उरकायचं, पुढचा घ्यायचा, ही तिची रीत. थंबनेल, म्हणजे मोठ्या फोटोची चिटुकली प्रत, बनवण्यात आज ती आघाडीवर आहे, त्यात या सवयीचाही वाटा आहे.

तेच काम करणारी ‘इमेजमॅजिक’ तिच्याहून थोडी थोरली. जॉन क्रिस्टी यांनी ती १९८७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत लिहायला घेतली. दोनशेहून जास्त फॉरमॅट तिला कळतात. पण ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो तिच्या सोळा-बिटी जुन्या आवृत्तीत उघडला, की पिक्सेलमागे आठ बाइट धरून १९२ एमबी मेमरी लागते. तीही दोनशे पिक्सेलच्या चिटुकल्या चित्रासाठी!

वेगातली खरी मेख मात्र जेपेगच्या पोटात आहे. जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत साठवला जातो. प्रत्येक चौकटीचे ६४ आकडे असतात आणि त्यातल्या पहिल्यावरूनच चौकटीची सरासरी छटा समजते. बाकीचे ६३ सोडून दिले, तर तोच ६००० बाय ४००० चा फोटो थेट ७५० बाय ५०० होऊन बाहेर येतो; म्हणजे पिक्सेल ६४ पटींनी कमी. आकडे हफमन पद्धतीनं दाबून भरलेले असल्यानं फाइल शेवटपर्यंत वाचावीच लागते, पण त्यानंतरचं बहुतेक गणित वाचतं.

ही सोय जेपेग फाइल वाचणाऱ्या ‘लिबजेपेग’ लायब्ररीतच आहे. लिबविप्सची थंबनेल आज्ञा ती आपणहून वापरते. इमेजमॅजिकला ‘जेपेग:साइझ’ अशी सूचना द्यावी लागते. पायथन भाषेच्या ‘पिलो’ लायब्ररीत ‘थंबनेल’ म्हटलं तर ती मिळते, ‘रीसाइझ’ म्हटलं तर नाही. एका लायब्ररीला ही सूट द्यायची, दुसरीला द्यायची नाही आणि वर निकाल जाहीर करायचा, याला तुलना म्हणणं कठीण आहे.

लिबविप्सवर बेतलेल्या ‘शार्प’चे कर्ते आपली लायब्ररी इमेजमॅजिक आणि तशाच ‘ग्राफिक्समॅजिक’च्या सर्वांत वेगवान मांडणीपेक्षाही चार ते पाच पट जलद असल्याचं सांगतात. आकडा घरचाच आहे, तेव्हा स्वतः मोजून पाहिलेलं बरं. मोजताना फिल्टरही, म्हणजे फोटो लहान करताना नवे पिक्सेल ठरवण्याची पद्धतही, एकच हवा. शेजारचा एक पिक्सेल उचलून मोकळं होणारी पद्धत झटपट खरी, पण तिरक्या रेघांच्या पायऱ्या करते. ‘लान्त्सोश’ हा फिल्टर आजूबाजूच्या अनेक पिक्सेलचा भारित हिशेब करतो. वेळ घेतो, पण कडा स्वच्छ ठेवतो.

पीएनजी फाइल आली, की जेपेगची ती पळवाट बंद होते. तिथे सरासरी वेगळी काढून ठेवलेली नसते. थंबनेल कितीही लहान असो, आधी प्रत्येक ओळ उलगडावी लागते. त्यामुळे फक्त जेपेगवर घेतलेल्या चाचणीचा क्रम पीएनजीच्या स्क्रीनशॉटना लावता येत नाही.