पाक पाणी आणि पिण्याजोगे पाणी

पाणी ही अल्लाहची मोठी नेमत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाहत्या किंवा भरपूर पाण्याचा रंग, वास आणि चव बदललेली नसेल तर ते वजूसाठी पाक, हा मसलाही बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु पाक पाणी आणि पिण्यास सुरक्षित पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात घराघरांत जुलाब, कावीळ, विषमज्वर शिरतो, तेव्हा या फरकाची किंमत बहुधा लहान मुले मोजतात.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा पसरून सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी त्याचे मूळ एका हातपंपात शोधले. त्या पंपाचे पाणी दिसायला स्वच्छ होते. दूर राहणारी एक विधवा तर चव आवडते म्हणून ते रोज मागवून घेई. तीही कॉलऱ्याने गेली. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला कळत नाहीत.

मग आपल्या घरी येणारे पाणी कुठले, हे आधी पाहू. विहिरीला कठडा नसेल, शेजारी शौचालयाचा खड्डा किंवा उकिरडा असेल, तर पहिल्याच पावसात घाण आत झिरपते. नळाचे पाणी शुद्ध करून सोडतात; पण पुरवठा बंद असताना फुटक्या नळातून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. बोअरचे पाणी जंतूंच्या बाबतीत पुष्कळदा बरे असते, मात्र यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत त्यात फ्लोराइड जास्त आढळते. त्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडेही आखडतात. फ्लोराइड उकळून जात नाही. तेथे पाण्याची तपासणी करून दुसरा स्रोत शोधणे किंवा आरओ वापरणे हाच मार्ग.

जंतूंसाठी मात्र उपाय घरातच आहेत. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू पुरते मरत नाहीत. जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरी घडीतून पाणी गाळल्याने बांगलादेशातील खेड्यांत कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. म्हणून आधी गाळावे, मग उकळावे; खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवावे. इंधन परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे थेंब किंवा गोळी सांगितलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. क्लोरीनचा किंचित वास आला तर नाक मुरडू नये. ती औषध शिल्लक असल्याची खूण आहे.

एवढे करूनही हात बुडवून पेला भरला, तर सारी मेहनत वाया. लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, माठ रोज धुवावा आणि भांडे झाकावे. भांडी झाकून ठेवण्याची ताकीद तर आपल्या नबींनी (सल्ल.) चौदाशे वर्षांपूर्वीच दिली आहे.

मशिदीच्या आणि मदरशाच्या टाकीकडेही पाहू या. ती शेवटची कधी धुतली, हे विश्वस्तांना विचारायला हरकत नाही. तहानलेल्याला पाणी पाजणे हा मोठा सदका आहे. ते पाणी त्याला आजारी पाडणारे नसावे, हे पाहणेही आपल्याच जबाबदारीत येते.