पोहायला शिकताना खांदा दुखला तर

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला मोठा पूर आला. सांगली-कोल्हापूरकडच्या पुष्कळ गावांत पाणी शिरले. काठावरच्या एका गावात चाळिशीचा एक शेतकरी बायकापोरांना घेऊन घराच्या माळवदावर बसून होता. चौफेर पाणी, आणि घरात एकालाही पोहता येत नव्हते. नाव आली, सगळे सुखरूप बाहेर निघाले. पण ती भीती काही त्याच्या मनातून जाईना. त्याने ठरवले, आता पोहायला शिकायचेच.

पुराच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये, हे खरे. पण पाण्याची ओळख असलेला माणूस एकाएकी घाबरत नाही. ते काही थोडे नाही.

पुढे एका उन्हाळ्यात तो गडी शेजारच्या आबांबरोबर विहिरीवर जाऊ लागला. पाठीला भोपळा बांधला, कमरेला दोर. चार दिवसांत तो हातपाय मारू लागला. आठव्या दिवशी सदरा घालताना उजवा हात वर जाईना.

"आबा, खांदा लई दुखतोय. पोहणं आपलं काम न्हाई बगा."

आबा म्हणाले, "पोहण्यानं न्हाई दुखत बाबा. तू पाण्याला बडवतोस म्हणून दुखतंय. पाणी काय तुझं वैरी हाय?"

आबांचे म्हणणे बरोबर होते. कसे, ते पाहू.

मांडीचे हाड कमरेच्या खोबणीत खोल बसलेले असते, उखळात मुसळ बसावे तसे. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा एका उथळ खोबणीला टेकलेला असतो. बशीवर लिंबू ठेवावे तसा. म्हणून तर आपला हात पुढे, मागे, वर, सगळीकडे फिरतो. पण बशीवरचे लिंबू घसरू नये, यासाठी कोणीतरी धरून ठेवायला हवे. ते काम चार लहान स्नायू करतात. पाठीवर पंख्यासारखे हाड असते, त्याला फरा म्हणतात. हे स्नायू फऱ्यापासून निघतात आणि दोरीसारख्या टोकांनी दंडाच्या गोळ्याला धरतात.

या दोऱ्यांच्या वर हाडाचे एक लहानसे छप्पर आहे. खांद्याच्या टोकाला बोट लावून पाहा, कडक लागेल. तेच ते. हात डोक्यावर नेला की छप्पर आणि गोळा यांच्यामधली जागा अरुंद होते. चार स्नायू ताजे असले तर गोळा जागेवर राहतो. ते थकले की गोळा वर सरकतो आणि दोरी घासू लागते. विहिरीवरचा दोर कप्पीवरून गेला तर वर्षे टिकतो. तोच काठाच्या दगडावर घासला तर लवकर झिजतो. खांद्याचेही तसेच आहे.

आता हिशेब करा. विहिरीच्या एका फेरीला दोन्ही हात मिळून २० वेळा फिरले, असे समजा. ३० फेऱ्या केल्या तर ६०० वेळा. म्हणजे एकेका खांद्याला ३०० हेलपाटे! ज्याने जन्मात कधी हात असा फिरवला नाही, त्याचा खांदा पहिल्या आठवड्यातच बोलणार.

आणि नवशिक्याची खरी गोम वेगळीच असते. त्याला बुडण्याची भीती वाटते. म्हणून तो मान उंच काढतो. मान वर गेली की पाय खाली जातात. मग तो हातांनी पाणी खाली दाबून सगळे अंग वर उचलू पाहतो. अंगाचा भार पाण्याने उचलायचा, तो बिचारे दोन खांदे उचलतात.

म्हणून आबांनी त्या गड्याचे हात मारणे बंद केले. आधी उताणे तरंगायला लावले. मग भोपळा तसाच ठेवून नुसते पाय मारायला शिकवले. तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, आणि तोंड कुशीकडे वळवून श्वास घ्यायचा, हे पायरीला धरून करून घेतले. यात आठ-दहा दिवस गेले. गडी कुरकुरला. पण माझ्या मते हेच दिवस सगळ्यांत कामाचे असतात.

मग हात कसा मारावा? हात आपल्याच खांद्याच्या समोर पाण्यात घाला. डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला नेऊ नका. अंगठा खाली करून तळवा बाहेर वळवू नका, त्याने दोरी जास्त चेपते. बोटे आधी पाण्यात जाऊ द्या. हात बाहेर काढताना कोपर वर असावे. आणि मुख्य म्हणजे अंग फळीसारखे ताठ ठेवू नका. झोपेत आपण कूस बदलतो ना, तसे प्रत्येक हाताबरोबर अंग थोडे या कुशीवर, थोडे त्या कुशीवर वळू द्या. मग हाताला वर जायला जागा मिळते आणि पाठीचे मोठे स्नायू कामाला लागतात.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटे हात हलके फिरवा. आधी लहान वर्तुळ, मग मोठे. दिवसभर कुदळ मारली असेल, फवारणीचा पंप पाठीवर वागवला असेल, तर त्या दिवशी पोहणे थोडेच ठेवा. खांद्याने मजुरी आधीच केलेली असते. विहिरीतून बाहेर येताना दोराला लोंबकळू नका, पायऱ्यांनी या. आणि विहिरीवर विजेची मोटार असेल, तर पाण्यात पाय घालण्याआधी मुख्य बटण बंद करा. हे खांद्याचे नव्हे, जिवाचे सांगणे आहे.

धरमतरच्या खाडीपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहत जाणारी माणसे आहेत. ते अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. पण ती काही एका उन्हाळ्यात तयार होत नाहीत. तुम्ही या आठवड्यात १० फेऱ्या करत असाल, तर पुढच्या आठवड्यात ११ करा. एकदम २० नकोत.

आता, दुखू लागले तर काय करावे? दोन्ही दंड सारखेच जड वाटत असतील आणि दोन दिवसांत बरे वाटत असेल, तर तो नुसता थकवा आहे. पण एकाच खांद्यात चमक येते, हात वर नेताना कळ निघते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, असे झाले तर हात मारणे थांबवा. "पोहून पोहून आपोआप मोकळा होईल" असे कोणी म्हणेल. ऐकू नका.

पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटे खांद्यावर ठेवा. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याची घडी ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा करा. पुढे कोमट शेक बरा वाटला तर घ्या. जोराने चोळू नका. हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. मधुमेह असलेल्याचा तर जास्तच. त्यापेक्षा पुढे वाका, चांगला हात खाटेवर टेका, आणि दुखरा हात लंबकासारखा हळू हलवा.

दुखणे उतरल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खांबाला बांधा. कोपर बरगडीला चिकटवून, काटकोनात वाकवून, पट्टी बाहेरच्या बाजूला ओढा. १० ते १५ वेळा, एक दिवसाआड. त्याने ते लहान स्नायू बळकट होतात.

गोळी खाऊन पोहायला मात्र जाऊ नका. कळ दबते, घासणे चालूच राहते.

पाण्यातच खांदा धरला तर? तडफडू नका. उताणे व्हा, दुखरा हात पोटावर घ्या, आणि पायांनी हळूहळू पायरीकडे या. यासाठीच उताणे तरंगणे आधी शिकायचे, आणि काठावर दोर घेऊन जाणता माणूस असल्याखेरीज पाण्यात उतरायचे नाही.

हिसका बसून खांद्याचा आकार बदलला, हात उचलेनासा झाला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, खांदा सुजून ताप आला, तर लगेच डॉक्टरकडे जा. साधी कळ दोन आठवड्यांत कमी झाली नाही तरी दाखवा. निखळलेला खांदा गावात कोणाकडून ओढून बसवून घेऊ नका. आतली नस दुखावली तर हात कायमचा लुळा पडू शकतो. आणि खांद्याबरोबर छातीत दाटून येत असेल, घाम फुटत असेल, तर ते दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. तेव्हा वेळ न घालवता १०८ नंबर फिरवा.

त्या गड्याला बरे व्हायला तीन आठवडे लागले. मग चार फेऱ्यांपासून त्याने पुन्हा सुरुवात केली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने थोरल्या मुलीलाही विहिरीवर आणले. पाठीला भोपळा बांधताच ती हात मारायला निघाली, तेव्हा आबांच्या आधी तोच ओरडला, "आधी उताणी हो!"