यकृतातला तह

काविळीची माळ अजूनही गावोगाव मिळते. ओल्या काड्यांचे तुकडे गाठी मारून दोऱ्यात ओवलेले असतात. माळ डोक्यावर ठेवायची. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत लांबत कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. गंमत अशी, की बहुतेक वेळा ती खरोखरच उतरलेली असते. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ काही आठवड्यांत आपली आपण जाते, आणि श्रेय माळेला मिळते. रक्तावाटे पसरणारी हिपॅटायटिस बी, जिला काही जण पांढरी कावीळ म्हणतात, ती धडधाकट मोठ्या माणसाला झाली, तरी शंभरातले पंच्याण्णव जण सहा महिन्यांच्या आत विषाणूला शरीराबाहेर काढतात. तिथेही माळ जिंकते.

आता हाच विषाणू बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे गेला असे समजा. बाळाचे डोळे सहसा पिवळे होत नाहीत. ताप नाही, उलट्या नाहीत, दूध पिणे चालू. माळ घालण्याचा प्रश्नच येत नाही. पण अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद जणांच्या यकृतात हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. लागण एक ते पाच वर्षांच्या दरम्यान झाली, तर हे प्रमाण साधारण तिसांवर येते. मोठेपणी पाचाच्या आत.

म्हणजे जो महिनाभर अंथरुणाला खिळला तो सुटला आणि ज्याला काहीच झाले नाही तो अडकला. प्रतिकारशक्तीबद्दलच्या आपल्या नेहमीच्या समजुतीत हे बसत नाही. विषाणू तोच, यकृत तेच. मग फरक कुठे पडला?

याचे उत्तर पहिल्यांदा दिसले ते उंदरांत. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मेंदूज्वराची साथ आली होती. तिचा शोध घेताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांना योगायोगाने एक वेगळाच विषाणू सापडला. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा विषाणू मुळात उंदरांचा. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवून शास्त्रज्ञ त्याला एलसीएमव्ही म्हणतात. पुढे काही वर्षांतच प्रिन्स्टन इथल्या रॉकफेलर संस्थेत एरिक ट्राउब यांच्या लक्षात आले, की त्यांच्या उंदरांच्या एका वसाहतीत पिल्ले आईच्या पोटातच हा विषाणू घेऊन जन्माला येतात, रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो, आणि तरी ती मजेत जगतात. हाच विषाणू मोठ्या उंदराच्या मेंदूत टोचला, तर तो आठवडाभरात मरतो.

१९५०च्या दशकात वॉलेस रो यांनी या उंदरांवर एक साधा पण धक्कादायक प्रयोग केला. विषाणू टोचण्याआधी त्यांनी मोठ्या उंदरांवर क्ष-किरणांचा मारा करून त्यांची प्रतिकारशक्ती खच्ची केली. असे उंदीर लवकर मरायला हवे होते, पण ते वाचू लागले. विषाणू मेंदूत होता, वाढतही होता, फक्त उंदीर मरत नव्हता. मारणारा विषाणू नव्हताच. संसर्ग झालेल्या पेशी शोधून नष्ट करायला निघालेली उंदराची स्वतःची फौज त्याला मारत होती.

हिपॅटायटिस बी चे गणितही असेच आहे. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तिच्या यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो, पण सहसा पेशीला मारत नाही. पेशी मारतात त्या आपल्या मारक टी-पेशी. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत उतरलेला पिवळेपणा म्हणजे यकृतात झालेल्या धुमश्चक्रीचा धूर. बाळाच्या यकृतात धूर दिसत नाही, कारण लढाई जेमतेमच होते.

(करोनानंतर आपल्याकडे काढ्यापासून बिस्किटांपर्यंत सगळ्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे छापलेले असते. वाढवायची म्हणजे किती, आणि कुणाविरुद्ध, हे कुठल्याच पुडक्यावर लिहिलेले नसते.)

तरी एक प्रश्न उरतो. विषाणू वर्षानुवर्षे अंगात असताना टी-पेशी करतात तरी काय? त्या मरून जातात की झोपी जातात? इथे गोष्टीत एक हैदराबादी येतो. रफी अहमद उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे मायकेल ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत आर्मस्ट्राँगच्याच विषाणूवर काम करू लागले. दीर्घकाळ संसर्ग झालेल्या उंदरांच्या प्लीहेतून त्यांनी १९८४ मध्ये त्या विषाणूचा एक भाऊबंद वेगळा काढला. त्याचे नाव ‘क्लोन १३’. मूळ विषाणूत आणि त्याच्यात मोजक्याच अमिनो आम्लांचा फरक. पण मेंदूऐवजी रक्तात टोचला, तर मूळ विषाणूला मोठा उंदीर आठ-दहा दिवसांत निपटून काढतो, आणि क्लोन १३ त्याच्या अंगात महिनोन् महिने ठाण मांडतो. संशोधकांच्या हाती जणू जुळी भावंडे लागली. एक पाहुणा म्हणून येणारे, दुसरे घरजावई होणारे. दोघांशी तोच उंदीर कसा वागतो, हे आता शेजारी शेजारी ठेवून पाहता येणार होते.

१९९०च्या दशकात त्यातून दिसले ते असे. क्लोन १३ला ओळखणाऱ्या टी-पेशी नाहीशा झालेल्या नसतात. काही गळतात, पण बऱ्याच टिकून राहतात. त्या शत्रूला ओळखतात, त्याच्याभोवती जमतात, पण मारत नाहीत. आधी त्या भराभर वाढण्याची आणि मारण्याची ताकद गमावतात, मग हळूहळू रासायनिक निरोप पाठवणेही सोडतात. शास्त्रज्ञांनी या अवस्थेला सरळ ‘थकवा’ म्हटले. रोज तोच शत्रू, रोज तीच हाक. पेशी दमते.

दमते म्हणजे तिच्यातले बळ संपते का? २००६ मध्ये रफी अहमद यांच्याच गटाने अटलांटातल्या एमरी विद्यापीठातून याचे उत्तर दिले. दमलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे एक प्रथिन दाटीने उगवलेले असते. जपानमध्ये क्योटोतल्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने ते १९९२ मध्ये शोधले होते. होंजो यांना पुढे कळले, की हा टी-पेशीचा ब्रेक आहे. समोरच्या पेशीने योग्य कळ दाबली, की टी-पेशी थांबते. अहमद यांच्या गटाने क्लोन १३ने ग्रासलेल्या उंदरांत ही कळ प्रतिपिंडाने झाकून टाकली. दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि विषाणू घटला. म्हणजे बळ संपलेले नव्हते, आवरून धरलेले होते.

हेच तत्त्व कर्करोगाच्या गाठींना लागू पडले आणि निव्होल्युमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे आली. होंजो यांना २०१८ मध्ये जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह नोबेल मिळाले. बातम्या त्याच्याच झाल्या. मला मात्र २००६च्या त्या शोधनिबंधातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा फार कमी होते. ब्रेक दाबणारी कळ जन्मापासूनच नसलेल्या उंदरांना क्लोन १३ टोचला, तेव्हा ते बरे झाले नाहीत. ते काही दिवसांतच मेले. सर्वसाधारण उंदीर जो विषाणू अंगावर घेऊन महिनोन् महिने जगतो, त्याच विषाणूपायी हे न थकणाऱ्या पेशींचे उंदीर जीव गमावून बसले.

टी-पेशींचे ‘थकणे’ हा बिघाड आहे असे मानून इतकी वर्षे संशोधन झाले. मला तो तह वाटतो. शत्रू सगळ्या मुलखात पसरला, गाव न् गाव त्याच्या ताब्यात गेले, आणि त्याला हुसकायचे तर आपलाच मुलूख जाळावा लागणार असेल, तेव्हा शहाणा राजा काही किल्ले देऊन उरलेले राखतो. पुरंदर आपल्याला शाळेतच शिकवलेले असते. तहानंतरही लढण्याची आशा जिवंत असते, हेसुद्धा पेशींच्या बाबतीत खरे ठरले. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवले, की दमलेल्यांच्या गर्दीत थोड्या पेशी राखीव असतात. त्या स्वतः फारशा लढत नाहीत, पण नव्या पेशी पुरवत राहतात. ब्रेक काढल्यावर जो जोम येतो, तो याच राखीव पेशींतून.

तहाची किंमत मात्र माणसाला मोजावी लागते, आणि ती हप्त्याहप्त्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातले २५ कोटी ४० लाख लोक हिपॅटायटिस बी चा विषाणू बाळगून होते. त्यातले सुमारे २ कोटी ९८ लाख भारतातले. त्या एका वर्षात या विषाणूने जगात ११ लाख बळी घेतले. तरुणपणी किंवा चाळिशीत कधीतरी टी-पेशी मधूनच तह मोडतात, यकृताची थोडी जाळपोळ होते, व्रण राहतात, पुन्हा शांतता. अशा व्रणांवर व्रण साठून यकृत कडक होते आणि काहींना कर्करोग होतो. टेनोफोव्हिरसारख्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, पण त्याच्या जनुकांची मूळ प्रत यकृतपेशीच्या केंद्रकात गोल कडे होऊन दडून बसते. तिला गोळी पोचत नाही.

मग पीडी-१चा ब्रेक काढून बघितला तर? तसा प्रयत्न झाला आहे. वीसेक रुग्णांना निव्होल्युमॅबचा अगदी लहान डोस देऊन पाहिला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका रुग्णाच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रथिन पूर्ण नाहीसे झाले, आणि त्याच काळात त्याच्या यकृताला सूज आली. तह मोडला की धूर निघणारच. म्हणून यकृताचे डॉक्टर या वाटेने फार जपून पावले टाकतात.

राहिले बाळ. गर्भ नऊ महिने दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरात वाढतो, जन्मताच कोट्यवधी जिवाणू त्याच्या आतड्यात वस्तीला येतात. दिसेल त्याच्यावर तुटून पडणारी प्रतिकारशक्ती त्याला परवडणारी नाही. तिचा कल सबुरीकडे असतो. विषाणूला ही सबुरी सोयीची पडते. पण बाळाची प्रतिकारशक्ती म्हणजे कोरी पाटी, हा समजही आता मागे पडतो आहे. सिंगापूरमधल्या अंतोनियो बेर्तोलेत्ती यांच्या गटाला २०१५ मध्ये असे दिसले, की हिपॅटायटिस बी असलेल्या मातांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तपेशी इतर बाळांच्या पेशींपेक्षा अधिक तयारीच्या असतात. परक्या जिवाणूंना त्या जास्त जोरकस उत्तर देतात. आईच्या पोटातच कसली तरी तालीम झालेली असते.

बाळाची पाटी कोरी नसते, याचाच फायदा लस घेते. बाळाची प्रतिकारशक्ती विषाणूपुढे सबुरीने वागते, पण लसीतल्या एकट्या पृष्ठ-प्रथिनाविरुद्ध ती उत्तम प्रतिपिंडे बनवते. अट एकच, विषाणू यकृतात स्थिरावण्याआधी लस पोचली पाहिजे. म्हणून पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत. आईची तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर सोबत तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही. तैवानने जुलै १९८४ मध्ये देशव्यापी लसीकरण सुरू केले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग तिथे दरवर्षी लाखामागे ०.७० होता, तो १९९०-९४ पर्यंत ०.३६ वर आला. लहान मुलांचा कर्करोग लसीने निम्मा झाला, असे जगाने पहिल्यांदाच पाहिले.

आपल्याकडे ही लस बराच काळ आयात होत असे आणि पैसेवाल्यांनाच परवडत असे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली, आणि भाव कोसळले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते. २०११ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात सगळ्या देशभर आहे. जन्मतः एक डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ‘पेंटा’ या एकत्रित लसीच्या सुईतून घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसींबरोबर. घरी प्रसूती झाली किंवा रविवार आडवा आला, की चुकतो तो नेमका पहिला डोस. पुढचे तीन वेळेवर दिले, तरी विषाणूला दीड महिन्याची मोकळीक मिळालेली असते. घरात बाळ येणार असेल, तर आईची हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली का, आणि जन्माच्या डोसची वेळ कार्डावर लिहिली का, हे विचारा. त्यात संकोच कसला?

आणि ज्यांची लस चुकली, ज्यांच्या अंगात विषाणू आहे, त्या मुलांबद्दल थोडे. रिपोर्ट कळला, की घरचे अशा मुलाला पळू देत नाहीत, आणि बाहेरचे त्याला जवळ येऊ देत नाहीत. दोन्ही चूक. दमल्या आहेत त्या त्याच्या टी-पेशी. मूल दमलेले नाही. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, आणि ठणठणीत दिसणाऱ्या या मुलाला त्यातून वगळण्याचे काही कारण नाही. उलट विषाणूच्या जोडीला यकृतात चरबी साठली, तर पुढचा धोका वाढतो. पळणारे मूल तो कमी करते. नियमित तपासणी हवी, खरचटले तर जखम झाकायची, टूथब्रश वेगळा ठेवायचा. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, हात धरल्याने किंवा शिंकेने पसरत नाही. अंगणवाडीतल्या बाकीच्या मुलांना लस मिळालेली असली, म्हणजे त्यांच्यासाठी भिंत आधीच उभी आहे.

तेव्हा त्याला खेळायला घ्या.