गाडीतला छोटा कमोड घेताना आधी उंची पाहा

घरी बनवलेल्या कॅम्पिंग ट्रेलरसाठी कमोड घेताना बहुतेक जण फक्त जागा मोजतात. सोबत गुडघेदुखी असलेले किंवा खुब्याचा सांधा बदललेले कोणी असेल, तर आधी बैठकीची उंची मोजा. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जायला नकोत, आणि छोटे कमोड बहुधा बुटकेच असतात. खाली पक्का, न हलणारा चौथरा करून घ्या. हाताला घट्ट बसवलेला दांडा हवा. घडीचे टेबल म्हणजे आधार नव्हे! २० लिटरची टाकी भरली की २० किलोंहून जड होते, म्हणून पाठदुखी असल्यास लहान टाकी बरी. रात्री उठायला नको म्हणून पाणी तोडणे किंवा लघवीची गोळी चुकवणे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.